कम्नरचा जिना

ऑक्सफर्डला गेलेला आपला माणूस कॉलेजांचे मनोरे पाहून परततो. पण तिथून तीन-चार मैलांवर कम्नर नावाचे खेडे आहे. सवड काढून तिथे जरूर जावे. पाहायचे काय? तर चर्चशेजारची एक मोकळी जागा! इथला कम्नर प्लेस हा जुना वाडा १८१० साली पाडून टाकला.

याच वाड्यात ८ सप्टेंबर १५६० रोजी, अवघ्या २८ व्या वर्षी, एमी रॉबसार्ट मरण पावली. नवरा रॉबर्ट डडली हा पहिल्या एलिझाबेथ राणीच्या खास मर्जीतला सरदार. तो तेव्हा विंझरला, राणीपाशी! त्या दिवशी अॅबिंग्डनची जत्रा होती. एमीने नोकरमाणसांना हट्टाने जत्रेला धाडले. ती परतून पाहतात तो बाईसाहेब जिन्याखाली मान मोडून पडलेल्या!

पंचांनी अपघात ठरवला. त्यांचा मूळ कागद २००८ साली सापडला. त्यात डोक्यावरील दोन जखमांची नोंद आहे. कुणी खून म्हणतात, कुणी आत्महत्या. १९५६ साली एका शल्यविशारदाने तर्क केला, की कर्करोगाने तिची हाडेच ठिसूळ झाली असावीत. वॉल्टर स्कॉटने 'केनिलवर्थ' या १८२१ च्या कादंबरीत मात्र तिचा सरळ खूनच करवला, आणि तोही १५७५ साली! कादंबरीकाराला सनावळीचे काय?

बायको गेली, डडली मोकळा झाला. पण लोकापवाद असा उठला, की राणीला त्याच्याशी लग्न करणे जड झाले. ती जन्मभर अविवाहितच राहिली.

एमीला ऑक्सफर्डच्या सेंट मेरी चर्चमध्ये पुरले. कम्नरच्या चर्चमध्ये दगडी पुतळा आहे, तो एलिझाबेथ राणीचा.