राजाबाई मनोऱ्याचे टोले

चर्चगेट स्थानकातून बाहेर पडून ओव्हल मैदानाकडे वळले की विद्यापीठाचा राजाबाई मनोरा समोर दिसतो. सुमारे २८० फूट उंचीची ही वास्तू १८७८ साली पूर्ण झाली. मूळचे सुरतेचे जैन श्रेष्ठी प्रेमचंद रायचंद यांनी तिच्यासाठी देणगी दिली व मातोश्रींचे नाव तिला लाभले. दृष्टी गेलेल्या राजाबाईंना टोल्यांवरून सूर्यास्तापूर्वीच्या भोजनाची वेळ कळत असे, अशी आख्यायिका आहे.

मनोऱ्यापासून हॉर्निमन सर्कल चालत जाण्याच्या अंतरावर आहे. तेथे टाउन हॉलसमोरील वडांखाली एकेकाळी शेअर दलाल जमत. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचे मोल आले. तो पैसा शेअरांत शिरला. बॅकबे कंपनीच्या पाच हजारांच्या शेअरचा भाव दहापटीच्या घरात गेला. सौदे मुदतीचे होते. भाव आज ठरे, पैसे मात्र १ जुलै १८६५ रोजी द्यायचे होते. त्याआधीच युद्ध संपले, कापूस घसरला. तो दिवस उजाडला तेव्हा देणेकरी सारे, देणारा विरळा. अनेक पेढ्या बुडाल्या; प्रेमचंदांचे वैभवही ओसरले.

त्या अनुभवाने सावध झालेल्या दलालांनी १८७५ मध्ये आपली संघटना स्थापन केली. तिचाच आजचा अवतार दलाल स्ट्रीटवरील मुंबई शेअर बाजार होय. आता सौदा गिरगावच्या चाळीतून वा लालबागच्या टॉवरमधून मोबाइलवर होतो. मोह मात्र जुनाच आहे. सेबीच्या पाहणीनुसार २०२२-२३ मध्ये शेअरांत एका दिवसाचे सौदे करणाऱ्या दहांपैकी सात जणांना तोटा झाला. वायदे व ऑप्शनमध्ये तर दहांपैकी नऊहून अधिक व्यक्ती तोट्यात गेल्याचे आढळले.

म्हणून अल्पमुदतीच्या व्यापाऱ्याने तोट्याची मर्यादा, म्हणजेच स्टॉप-लॉस, सौद्यापूर्वीच ठरवावी. उसनवारीचा किंवा घरखर्चाचा पैसा लावू नये. गेलेले त्याच दिवशी परत मिळवण्याच्या ईर्षेने सौदा दुप्पट करू नये. श्रावकाचे परिग्रह-परिमाण व्रत हेच शिकवते: मर्यादा मन शांत असताना घालावी, कारण लाट आल्यावर ती घालता येत नाही.

प्रेमचंदांनी ग्रंथालय व मनोरा यांसाठी प्रत्येकी दोन लाख रुपये देऊ केले ते १८६४ साली, तेजीच्या ऐन भरात. पुढच्याच वर्षी हाती राखलेले बहुतेक धन गेले. दिलेले मात्र दगडात उभे राहिले. बाजार साडेतीनला बंद होतो, सूर्य आपल्या वेळी मावळतो. लोभाला थांबण्याची वेळ सांगणारा टोला मात्र ज्याचा त्यानेच द्यायचा असतो.