पेटीचें पोट आणि श्रोत्याचा कान

काहिलींतला गूळ केव्हां तयार झाला हें ओळखण्याचे दोन मार्ग आमच्या नीराकांठच्या मुलखांत प्रचलित आहेत. गुळव्या उकळत्या पाकाचा थेंब थंड पाण्यांत सोडतो, त्याची गोळी बोटांनीं वळून पाहतो, आणि काहील चुलवाणावरून उतरावी कीं नाहीं तें सांगतो. शेतकीचें शिक्षण घेऊन आलेला त्याचा मुलगा त्याच पाकांत उष्णतामापक बुडवितो आणि पारा ११८ अंश सेल्सिअसच्या आसपास येण्याची वाट पाहतो. बहुधा दोघेही एकाच सुमारास हात वर करतात. तिसरा मार्ग बाजारांत चालतो. तो म्हणजे ढेपेचा रंग पाहणें. हायड्रोसची पूड टाकून पिवळीधमक केलेली ढेप तेथें गिऱ्हाइकाला जिंकते आणि काळसर पण निर्मळ गूळ दुकानाच्या कोपऱ्यांत पडून राहतो.

सोमेश्वरनगर ही साखर कारखान्याच्या भोंवतीं वाढलेली वस्ती. तेव्हां परीक्षेचा विषय येथें निघावयाचा तो उसाच्या उताऱ्यावरून निघावा. परंतु गेल्या पावसाळ्यांत तो निघाला हेडफोनच्या ॲम्प्लिफायरवरून. हेडफोन आतां घरोघर झाले आहेत. त्यांचा ॲम्प्लिफायर मात्र अजून सर्वांच्या परिचयाचा नाहीं. मोबाइलांतून किंवा संगणकांतून निघणारा दुबळा विद्युत्-संकेत हेडफोनचा पडदा हलविण्याइतका सबळ करणारी ही लहानशी पेटी असते.

आमच्या एका स्नेह्यांनीं अशी पेटी घेतली. त्यांची सत्तरी उलटली आहे. उमेदीचीं वर्षें प्रयोगशाळेंत रसाची घनता मोजण्यांत गेलीं. घर निजलें म्हणजे हेडफोन लावून अब्दुल करीम खांसाहेबांची झिंझोटींतील ठुमरी ऐकावयाची, हा त्यांचा नेम. खांसाहेब १९३७ सालीं वारले. त्यांच्या साऱ्या तबकड्या एकवाहिनी, म्हणजे दोन्ही कानांस एकच ध्वनि देणाऱ्या. असा ध्वनि हेडफोनमधून ऐकला कीं गवई नेमका कपाळाच्या मध्यभागीं उभा आहे असें वाटतें. पेटी आल्यानंतर कांहीं दिवसांनीं आमच्या स्नेह्यांना वाटूं लागलें, कीं खांसाहेब हळूहळू डावीकडे सरकून बसले आहेत. उजवा कान चालला, असें त्यांनीं मनाशीं धरलें, आणि तें ज्या सुरांत त्यांनीं आम्हांस सांगितलें तो सूर पेटीबद्दल बोलणाऱ्या माणसाचा नव्हता.

त्यांच्या पुतण्यानें पेटीचे चार स्क्रू काढून झांकण उघडलें. "काका, हा ट्रान्सफॉर्मर बघा केवढा आहे! आणि हे कपॅसिटर! ह्यांत खोट कशी असेल? तुम्ही एकदा पुण्याला कान दाखवून या." त्याचें बोलणें प्रेमाचेंच होतें. परंतु यंत्राचें पोट पाहून आवाजाचा निवाडा देण्याची जी रीत हल्लीं बोकाळली आहे, तिचा तो उत्तम मासला होता.

पेटीच्या अंतरंगाला अर्थ नाहीं असें आमचें म्हणणें नव्हे. जोडकाम स्वच्छ आहे कीं नाहीं, कपॅसिटर तापणाऱ्या भागाला चिकटून तर नाहींत, यंत्र सुरू करतांना हेडफोनवर एकदम विजेचा धक्का जाऊं नये अशी तजवीज आहे कीं नाहीं, या गोष्टी कानाला कधींच कळावयाच्या नाहींत. यंत्र किती वर्षें टिकेल आणि कोणाला अपाय करील कीं काय, हें डोळ्यांनींच पाहावें लागतें. निर्गमाचा रोध किती, हेंही कागदावर पाहून घ्यावें; तो हेडफोनच्या रोधाच्या आठव्या हिश्शाहून अधिक असला तर कित्येक हेडफोनांचा मंद्र भाग फुगतो. पण डोळा येथें थांबत नाहीं. तो मोठ्या वस्तूकडे धांवतो, चकाकणाऱ्या वस्तूकडे धांवतो. कांहीं स्वस्त पेट्यांत कांचेची नळी बसविलेली असते आणि तिच्याखालीं एक लहान रंगीत दिवा ठेवलेला असतो. नळी तापून लाल झाल्याचा भास व्हावा एवढेंच त्या दिव्याचें काम! पिवळ्याधमक ढेपेचीच ही बहीण. उलट ५५३२ या क्रमांकाची एक इवलीशी चकती १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून ध्वनिमुद्रणशाळांतल्या यंत्रांत बसत आली आहे. आपण आवडीनें ऐकतों त्या कितीतरी गाण्यांचा सूर तिच्यांतून वाहून आला असेल. पेटी उघडून ती दिसली कीं जाणते म्हणविणारे नाक मुरडतात, कारण ती दोन पेले चहाच्या किंमतींत मिळते. २०११ सालीं आपलें नांव गुप्त ठेवणाऱ्या एका लेखकानें अशाच साध्या चकत्यांचा हेडफोन-ॲम्प्लिफायर रचून त्याचा आराखडा आणि सारीं मोजमापें जगापुढें ठेवलीं, आणि महाग पेट्यांच्या पंक्तींत तो निमूटपणें जाऊन बसला.

मग कानावर सोंपवावें काय? ऐकणाराला वाटतें कीं आपण ऐकूनच ठरवितों. वस्तुतः तो किंमत ऐकतो, पेटीचें वजन ऐकतो, विकणाराचें भाषण ऐकतो. दोन पेट्यांपैकीं एक केवळ रतिभर मोठ्यानें वाजत असली तर ती मोठी न वाटतां "अधिक स्पष्ट" वाटते, हें तर पुष्कळ दुकानदारांना ठाऊक असतें. १९८५ सालीं अमेरिकेंत बॉब कार्व्हर नांवाच्या अभियंत्यानें एका ध्वनिविषयक मासिकाच्या संपादकांना आव्हान दिलें, कीं तुम्ही निवडाल त्या महागड्या ॲम्प्लिफायरचा आवाज मी माझ्या स्वस्त यंत्रांतून काढून दाखवितों. हॉटेलच्या खोलींत बसून त्यानें दोन्ही यंत्रांच्या निर्गमांतला फरक मोजून मोजून जवळजवळ नाहींसा केला, आणि नाणावलेल्या कानांना कोणतें यंत्र कोणतें हें सांगतां येईना. म्हणून कानाला साक्षीदार करावयाचें तर त्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधावी लागते. १९५० सालीं बेल प्रयोगशाळेच्या मन्सन आणि गार्डनर यांनीं हीच रीत सांगितली: आधीं एक ध्वनि ऐकवावा, मग दुसरा, आणि तिसऱ्यांदा त्या दोहोंपैकीं एक नांव न सांगतां ऐकवून ओळखावयास सांगावें.

यावर कोणी म्हणेल, मिरजेचे कारागीर तानपुऱ्याची जवारी कानानेंच लावतात ना? लावतात, आणि तेथें कान हाच न्यायाधीश होय. घोडीचा माथा घांसावा, तारेखालीं सुताचा धागा सरकवावा, ऐकावें, पुन्हा घांसावें. सर चंद्रशेखर व्यंकट रामन् यांनीं १९२१ सालीं त्या वक्र घोडीचें शास्त्र उलगडून दाखविलें, तरी जवारी लावणाराचें काम त्यानें सुटलें नाहीं. परंतु तानपुरा ध्वनि निर्माण करतो; ॲम्प्लिफायरानें तो केवळ पुढें पोंचवावयाचा असतो. कारखान्याच्या वजनकाट्यानें उसाची गाडी जड दाखविली तर शेतकऱ्याला बरें वाटेल, पण त्या काट्याला चांगला काटा असें तोही म्हणणार नाहीं. "ह्या पेटीचा आवाज किती गोड!" असें कोणी म्हटलें कीं आम्हांस तो काटा आठवतो.

असो. आमच्या स्नेह्यांना आम्हीं एवढेंच सुचविलें, कीं हेडफोन उलटा घालून पाहा. उजवी वाटी डाव्या कानावर, डावी उजव्या कानावर. खांसाहेब तरीही डावीकडेच राहिले तर पुतण्याचें खरें. बाजू बदलून उजवीकडे आले तर कान निर्दोष. रात्रीचे दहा वाजले होते, बाहेर पाऊस लागला होता. त्यांनीं डोळे मिटले, पुतण्यानें तबकडीचें मुद्रण सुरू केलें. बराच वेळ ते कांहीं बोलले नाहींत. मग उजवा हात वर करून त्यांनीं उजव्या कानाकडे बोट दाखविलें.

पुढें तोच हेडफोन थेट मोबाइलला जोडला, तेव्हां गवई मध्यभागीं आला. म्हणजे दोष हेडफोनचाही नव्हता. मग पेटी पुन्हा उघडली, आणि या वेळीं ट्रान्सफॉर्मरकडे कोणी पाहिलें नाहीं. आवाज कमीजास्त करण्याच्या बटणामागें एकाच दांड्यावर दोन रोधपट्ट्या असतात, एकेका कानासाठीं एकेक. स्वस्त बटणांत फिरवण्याच्या आरंभीं त्या दोघींचें जमत नाहीं. बटण अर्ध्यावर आलें कीं जमतें. या पेटीची वर्धनशक्ति हेडफोनच्या मानानें इतकी अवाजवी होती, कीं रात्रींच्या हळू ऐकण्यासाठीं बटण आरंभींच ठेवावें लागे. आंत वर्धन कमी करण्याचा एक लहानसा खटका होता. तो पुतण्यानेंच शोधून काढला. खटका खालीं केला, बटण अर्ध्यावर आलें, हेडफोन सुलटा घातला, आणि खांसाहेब आपल्या जागीं येऊन उभे राहिले.

पुण्याच्या डॉक्टरांची घेतलेली वेळ आमच्या स्नेह्यांनीं रद्द केली नाहीं, आणि आमच्या मतें तें योग्यच केलें. परीक्षेंत दोन्ही कान सारखेच निघाले. वरच्या पट्टींत दोन्ही वयोमानानें उतरलेले आहेत. डॉक्टरांनीं फार मोठ्यानें व फार वेळ न ऐकण्याची ताकीद दिली, आणि आठवड्याला ४० तासांपर्यंत ८० डेसिबल ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा सांगितली. आमचे स्नेही रोज अर्धा तासच ऐकतात.