काळं पितळ आणि ४१७ नंबर

पितळ काळं पडलं की मराठी घरात कुणीतरी चिंच भिजत घालतं. जोडीला मीठ आणि नारळाची शेंडी, नाहीतर सरळ पितांबरीची पुडी. समई, तांब्या, घंटी, देव, सगळे एकाच घमेल्यात. आम्ही राहतो चिंचवडात, ज्याचं नावच म्हणे चिंच आणि वडावरून पडलं. अशा ठिकाणी ‘हे पितळ काळंच राहू द्या’ म्हणणारा माणूस एकतर आळशी ठरतो, नाहीतर विचित्र. मला घरात दोन्ही म्हणून झालंय.

मी मिटणारे, खिशातले चाकू जमवतो. फार नाहीत, अकरा. बरेचसे पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी गंजक्या पान्यांच्या ढिगातून उचललेले. रचना साधारण एकच: पोलादी पातं, मुठीवर लाकडाच्या किंवा शिंगाच्या पट्ट्या, त्यांच्या आत पितळेचे पत्रे, टोकाला पितळी टोप्या आणि हे सगळं धरून ठेवणारे पितळी रिवेट. असे चाकू जमवणाऱ्यांत एक भांडण कायमचं आहे. पितळ चमकवायचं की नाही?

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. हवा, ओल आणि हाताचा घाम लागून त्यावर पातळ थर चढतो. आधी मधासारखा, मग तपकिरी, मग जवळजवळ काळा. हा थर घट्ट बसलेला असतो आणि खालच्या धातूला थोडंफार सांभाळतोही. चिंचेतलं आम्ल तो विरघळवतं. पण चाकूच्या बाबतीत तेच आंबट-खारट पाणी सांध्यात शिरतं आणि आतलं पोलाद गंजवतं. बफच्या चाकावर धरलं तर पाच मिनिटांत आरसा होतो खरा; पण थराबरोबर पितळही जातं, कडा गोल होतात, बनवणाऱ्याचा शिक्का पुसट होतो. हिरवी भुकटी मात्र काढायलाच हवी, कारण ती ओल धरून बसते. त्याला तेलाचा थेंब, लाकडी टूथपिक आणि जुन्या बनियनचा तुकडा पुरतो. कुठे लालसर गुलाबी डाग दिसला तर तिथलं जस्तच निघून गेलेलं असतं. तो जन्मभर घासा, पिवळा होणार नाही.

बाटलीतल्या पातळ पॉलिशची गोष्ट वेगळी. त्यातल्या कित्येकांत अमोनिया असतो. पिंपरीहून पुण्याकडे निघालं की खडकी लागते. तिथे १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना आहे, म्हणून हे मला तिथून जाताना हमखास आठवतं: ब्रिटिश काळात भारतातल्या फौजेची पितळी काडतुसं पावसाळ्यात घोड्यांच्या पागेत ठेवली, की न वापरताच तडकायची. इंग्रजीत या तडकण्याला ऋतूचंच नाव पडलं. कारण १९२१ मध्ये नीट उलगडलं. ठोकून घडवलेल्या पितळेत ताण उरलेला असतो, आणि घोड्यांच्या मुतातला अमोनिया दमट हवेत त्या ताणावर बरोबर घाव घालतो. चाकूचा रिवेटही ठोकूनच बसवलेला असतो. त्याच्या फटीत अमोनियावालं पॉलिश ओतून विसरून जाणं मला तरी जमत नाही.

पण खरं सांगायचं तर माझा हट्ट काडतुसांमुळे नाही. अकरापैकी एक चाकू बाबांचा आहे.

बाबा पिंपरीतल्या एका कंपनीत टूलरूमला होते. कंपनी बंद पडून बरीच वर्षं झाली, जागेवर टॉवर उभे आहेत. चाकू जेवणाच्या सुट्टीत पेरू कापायला, वायर सोलायला, पार्सलची सुतळी तोडायला. टूलरूममध्ये वस्तू बदलली जायची, म्हणून त्यांनी टोपीवर स्क्रायबरने आपला टोकन नंबर ओढला: ४१७. पंच मारलेला नाही, हाताने खरवडलेला. चारचं शेपूट जरा घसरलंय. चाकणला माझं कामच मोजमापाचं, त्यामुळे बघूनच कळतं की ती रेघ केसाएवढीही खोल नाही. तो आकडा दिसतो तो काळेपणामुळेच. खाचेत काळं बसलंय आणि आजूबाजूला अंगठ्याने पितळ उजळ ठेवलंय. एकदा पॉलिश केलं की खाच आणि भोवताल एकाच रंगाचे. दोन-तीनदा केलं की खाचही गेली.

गेल्या खंडेनवमीला आईने चाकू मागितला. या पट्ट्यात खंडेनवमी म्हणजे काय हे सांगायला नको. कारखान्यात मशीन धुऊन-पुसून झेंडूचे हार, घरात स्क्रू-ड्रायव्हरपासून विळीपर्यंत सगळं पाटावर.

“असलं काळं पूजेला ठेवतात का रे? तुझे बाबा लेथ पुसल्याशिवाय हार घालायचे नाहीत.”

“आई, नंबर जाईल अगं.”

तिने चाकू डोळ्यांजवळ नेला. बराच वेळ बघितला. मग काही न बोलता देवघरातून आमचे टाक घेऊन आली. पितळी आहेत. खंडोबा कुठला आणि देवी कुठली हे आता तिलाच कळतं. नाक नाही, डोळे नाहीत, घोड्याचा नुसता उंचवटा उरलाय.

“हे माझ्या सासूबाईंनी घासले, त्यांच्या सासूबाईंनी घासले. यांचं काय करायचं, ठेवायचे का काळे?”

माझ्या चाकूवाल्या नियमांत याला उत्तर नव्हतं. दुसऱ्या कुणाचे असते तर मी म्हटलं असतं, घासून घासून देवांची वाट लावलीत. पण तीन पिढ्यांच्या बायकांचे हात ज्या गुळगुळीतपणात आहेत, त्याला झीज म्हणून नावं ठेवायची आणि बाबांच्या अंगठ्याने आलेल्या उजळपणाला जपायचं, हे मला माझ्याच तोंडाने बोलवेना. तरीही चाकू चिंचेत जाऊ द्यायचा नाही, यावर मी ठाम होतो आणि आहे. टाकांना दर सणाला हात लागतो, पुढेही लागेल. तो नंबर ओढणारा हात आता नाही.

शेवटी चाकू मी सुती कापडाने पुसला, सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडला आणि तसाच पाटावर ठेवला. आईने हळदकुंकू टोपीवर न लावता लाकडावर लावलं. टाक मात्र तिने चिंचेनेच घासले. मी पाणी ओतत होतो.