पान ४२ कुठे आहे?



वर्गात बाईंनी “पान ४२ काढा” म्हटले की मुले चटकन पान उलटतात. पण जे मूल पाहू शकत नाही, कानांनी पुस्तक वाचते, त्याने ते पान कसे काढायचे? पूर्वी अशी पुस्तके कॅसेटवर असत. टेप पुढे-मागे फिरवण्यातच वेळ जायचा. डिजिटल बोलक्या पुस्तकांनी ही अडचण दूर केली. ‘डेझी’ या पद्धतीत आवाजाबरोबर धडा, उपशीर्षक आणि पान यांच्या खुणाही नोंदलेल्या असतात. बटण दाबले की हवे ते पान हजर! या पद्धतीचा प्रसार करणारा आंतरराष्ट्रीय संघ १९९६ साली स्थापन झाला.

आमच्या शाळेत एका विद्यार्थिनीसाठी मराठीच्या पुस्तकाचे असे बोलके पुस्तक तयार केले. वाचन पालकांनी केले, संगणकावरचे संपादन शिक्षकांनी. तपासणीसाठी आम्ही तिच्याजवळ बसलो. आवाज स्वच्छ, उच्चार छान. पण ती एकेक पान पुढे जात असताना ४१ नंतर एकदम ४३ आले. तिने विचारले, “सर, माझ्या पुस्तकात ते पान नाही का?”

त्या पानाचा मजकूर पूर्ण वाचलेला होता. खूण तेवढी नव्हती. पण जिथे जाता येत नाही ते पान असून नसल्यासारखेच, हे तिच्या प्रश्नाने आम्हाला शिकवले.

मग शोध सुरू झाला. बोलण्यातल्या विरामावरून सॉफ्टवेअर आवाजाचे लहान तुकडे पाडते आणि पानाची खूण त्यातल्या एका तुकड्याला जोडलेली असते. इथे वाचणाऱ्या ताई आधी “पान बयालीस” म्हणाल्या होत्या आणि लगेच सुधारून “पान बेचाळीस”. आपल्या इंदूरच्या घरांत दोन्ही चालते. आमचे शिक्षण हिंदी माध्यमातले, त्यामुळे आमच्याही तोंडी आधी बयालीसच येते! संपादनात पहिला तुकडा काढला गेला आणि त्याला जोडलेली खूणही त्याच्याबरोबर गेली. म्हणून तुकडा काढण्यापूर्वी त्यावर खूण आहे का ते पाहावे, आणि असल्यास ती राहणाऱ्या तुकड्यावर द्यावी.

याच तपासणीत आणखी दोन दोष सापडले. पहिला शीर्षकांच्या पातळीचा. डेझीत शीर्षकांच्या ६ पातळ्या देता येतात. धडा पहिल्या पातळीवर आणि त्याचा स्वाध्याय दुसऱ्या पातळीवर हवा. दोन्ही एकाच पातळीवर ठेवले, तर पुढच्या धड्याकडे निघालेले मूल प्रत्येक स्वाध्यायापाशी अडते.

दुसरा दोष वेळेचा. पुस्तक तयार झाल्यावर कोणी ऑडिओ फाईल दुसऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडून ३ सेकंदांची शांतता कापली, तर आवाज ३ सेकंद अलीकडे सरकतो. खुणांमध्ये मात्र जुनीच वेळ राहते. मग त्या फाईलमधल्या पुढच्या प्रत्येक शीर्षकाचे पहिले शब्द ऐकूच येत नाहीत. म्हणून काटछाट मूळ संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्येच करावी आणि पुस्तक पुन्हा तयार करावे.

दोष दुरुस्त झाले. आता ती मुलगी पान स्वतः काढते, शेजारणीला विचारावे लागत नाही. वर्गात तिला “थांब, मी सांगते” हे वाक्य दिवसातून किती वेळा ऐकावे लागत होते, याचा हिशेब आपण डोळस माणसे करीत नाही.

यापुढे आमच्या शाळेत तीन नियम राहतील. पानांचे आकडे छापील पुस्तकाप्रमाणेच आणि सर्वत्र मराठीत बोलायचे. चित्राच्या पानालाही खूण द्यायची. आणि तपासणाऱ्याने पुस्तक नुसते सलग ऐकायचे नाही, तर डोळे मिटून बटणांनी पानापानावर, धड्याधड्यावर उड्या मारायच्या. सलग ऐकताना हरवलेली खूण लक्षात येत नाही.

विश्वस्त मंडळींच्या माहितीसाठी: १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीमुळे दिव्यांगांसाठी ना-नफा तत्त्वावर अशी पुस्तके तयार करता येतात. तसेच २०१६ साली सुरू झालेल्या ‘सुगम्य पुस्तकालय’ या ऑनलाइन ग्रंथालयात आधी शोधावे. हवे ते पुस्तक तयार मिळाले तर श्रम वाचतील.

पालकांना विनंती, की वाचनासाठी जसे आवाज दिलेत तसे तपासणीसाठी कानही द्या. इतिहासाचे पुस्तक आता हाती घ्यायचे आहे.