शून्य फटीचा टॅपेट

मद्रासमध्ये 1955 साली ज्या बुलेटची जुळणी सुरू झाली, तिच्या बिडाच्या सिलिंडरच्या इंजिनात टॅपेटची फट, म्हणजे कॅमची उचल रॉकरपर्यंत नेणाऱ्या पुशरॉडच्या वाटेत राहणारी सैल जागा, इंजिन थंड असताना शून्य ठेवावी लागते. ती फिलर गेजने मोजत नाहीत. पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला असून दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असताना पुशरॉड बोटांनी सहज फिरावा आणि वरखाली मात्र मुळीच हलू नये, एवढीच तिची कसोटी असते. इंजिन तापले की सिलिंडर आणि हेड वाढून फट आपोआप पडते.

टायमिंगच्या गिअरांवरील खुणा समोरासमोर आणणे हे डोळ्यांचे काम असून ते एकदा जमले की जमते. टॅपेटचे तसे नाही. पुशरॉडच्या पायथ्याशी तीन पाने सांभाळत फट अचूक लावावी आणि लॉकनट आवळताच आट्यांमधली ढिलाई निघून ती बदलावी, हे दर वेळी घडते. किती बदलेल याचा अंदाज बांधून आधीच हात राखावा, तर प्रत्येक इंजिनाच्या आट्यांची झीज निराळी असते. टॅपेट घट्ट राहिला तर तापल्या इंजिनातही व्हॉल्व्ह पुरता बसेल याची खात्री नसते, आणि एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह पुरता न बसल्यास जळतो; सैल राहिला तर नुसती टकटक होते. शहाण्याने टकटक पत्करावी, परंतु बिनआवाजाच्या इंजिनावर गिऱ्हाईक खूश होते आणि प्रस्तुत लेखकासह बहुतेक मिस्त्री त्या खुशीला भुलतात.

पुढे आलेल्या युनिट कन्स्ट्रक्शन इंजिनात हायड्रॉलिक लिफ्टर, म्हणजे तेलाच्या दाबाने फट स्वतःच भरून काढणारा टॅपेट, बसवला गेला आणि हा सारा खटाटोप संपला. ती सुधारणा निर्विवाद आहे. तरीही लिफ्टर वाजला की तेल न तपासता तो थेट बदलणाऱ्या कारागिरांना मिस्त्री म्हणणे प्रस्तुत लेखकाच्या जिवावर येते, आणि या मतात मत्सराचा अंश नाही असे म्हणता येत नाही.

वयामुळे बोटांच्या टोकांची जाणीव बोथट झाल्यापासून शेवटची चाचणी शागिर्द करतो. गिऱ्हाईक समोर असले म्हणजे मात्र पुशरॉड आधी लेखकच फिरवून पाहतो व समाधानाने मान डोलावतो; काम खरोखर झाले की नाही, हे त्यानंतर पोरगा पाना पुन्हा उचलतो का, यावरून त्याला समजते.