समुद्राकाठचे चार दिवस : ज्येष्ठांसाठी क्रूझ आणि किनारा

नवी मुंबईतील पाम बीच मार्गाच्या नावात ‘बीच’ आहे. प्रत्यक्षात त्या रस्त्याच्या कडेला वाळू नाही. तेथे आहे ती खाडी, तिच्या काठचे कांदळवन आणि हिवाळ्यात उतरणारे रोहित पक्ष्यांचे थवे. वाशी, नेरूळ, बेलापूर येथील रहिवाशांना वाळूचा लांबरुंद किनारा हवा असेल, तर रायगडचा रस्ता धरावा लागतो किंवा बोटीत बसावे लागते. दिवाळी सरली, हवेत गारवा आला, की घराघरांत सहलीचे बेत सुरू होतात. कोणी अलिबागचे रिसॉर्ट सुचवतो, कोणी मुंबईहून सुटणाऱ्या क्रूझचे नाव काढतो. आणि मग हळूच एक प्रश्न येतो : ‘आई-बाबांचे काय करायचे?’

हा प्रश्न बहुधा आई-बाबांच्या अपरोक्ष विचारला जातो, आणि त्याचे उत्तरही त्यांच्या अपरोक्षच ठरते. ‘त्यांना झेपणार नाही’ असे म्हणून त्यांना घरी ठेवले जाते. किंवा ‘चला, मजा येईल’ असे म्हणून कोणतीही तयारी न करता सोबत नेले जाते. पहिल्या निर्णयात त्यांच्या इच्छेचा अवमान होतो, दुसऱ्यात त्यांच्या शरीराचा. सत्तरी-पंचाहत्तरी ओलांडलेल्या माणसाला समुद्र वर्ज्य नाही. मात्र तेथे काय वाढून ठेवले आहे याची पूर्वकल्पना त्याला आणि त्याच्या सोबत्यांना असली पाहिजे.

जुनी आगबोट आणि नवे जहाज

आज ऐंशीच्या घरात असलेल्या अनेक कोकणी माणसांना बोटीचा प्रवास नवा नाही. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून निघून रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ले करीत पणजीपर्यंत जाणाऱ्या आगबोटी त्यांनी पाहिल्या आहेत. डेकवर वळकटी पसरून काढलेली रात्र त्यांना आठवते. त्याचबरोबर १७ जुलै १९४७ रोजी रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडून सहाशेहून अधिक माणसे गेली, ही कथाही त्यांनी घरात ऐकलेली असते. म्हणून एखाद्या आजीने ‘मला बोट नको’ म्हटले, तर तो हट्ट समजू नये. त्या नकारामागे कधी एका पिढीचे दुःख असते. तिची समजूत घालण्यापूर्वी तिचे म्हणणे ऐकून घ्यावे, आणि तरीही तिला नको असेल तर रस्त्याने जावे.

अलिबागचा रस्ता पनवेल-पेण-वडखळमार्गे जातो. सुट्टीच्या दिवशी वडखळच्या आसपास गाड्यांची रांग लागते. लघवीची घाई असणाऱ्यांनी आणि गुडघे आखडणाऱ्यांनी पहाटे निघावे, दर तासाला उतरून चार पावले चालावे, आणि स्वच्छतागृह कोठे आहे याची माहिती आधीच काढून ठेवावी. तासन्‌तास लघवी रोखून धरणे किंवा ‘वाटेत जावे लागेल’ म्हणून पाणीच न पिणे, या दोन्ही सवयी ज्येष्ठांना त्रासात टाकतात.

मांडव्याची वाट

गाडीसह समुद्र ओलांडण्याची सोय म्हणजे भाऊचा धक्का ते मांडवा ही रो-रो सेवा. ती मार्च २०२० मध्ये सुरू झाली. जानेवारी २०२४ मध्ये २१.८ किलोमीटर लांबीचा शिवडी-न्हावा शेवा अटल सेतू खुला झाल्यापासून नवी मुंबईकरांना भाऊचा धक्का पूर्वीपेक्षा जवळ आला आहे. समुद्रावरचा हा प्रवास साधारण तासाभराचा. गाडी खालच्या डेकवर लावायची आणि प्रवाशांनी वरच्या दालनात बसायचे, अशी रचना असते. वर जाण्यासाठी जिना चढावा लागेल का, लिफ्ट आहे का, चाकाची खुर्ची मिळेल का, हे तिकीट काढतानाच विचारावे. धक्क्यावर पोहोचून विचारणे म्हणजे पर्याय संपल्यावर विचारणे.

गेटवे ऑफ इंडियाहून मांडव्याला आणि घारापुरीला जाणाऱ्या लाँचींची गोष्ट वेगळी. तेथे ओलसर पायऱ्या उतरून हलत्या बोटीत पाय टाकावा लागतो. तोल सांभाळताना धोका असतो तो त्याच एका पावलात. ज्यांना घरातही काठीचा आधार लागतो, त्यांनी हा मार्ग टाळावा. जंजिऱ्याला जातानाही शिडाच्या होडीतून किल्ल्याच्या दारातील पायरीवर असेच पाऊल टाकावे लागते. तेव्हा ज्यांचे गुडघे कमकुवत आहेत, त्यांनी राजपुरीच्या किनाऱ्यावरून किल्ला पाहण्यात समाधान मानावे.

बोट कोणतीही असो, जीवरक्षक जाकीट घालण्याचा संकोच बाळगू नये. डिसेंबर २०२४ मध्ये घारापुरीकडे निघालेल्या प्रवासी बोटीला झालेल्या अपघाताने त्याचे मोल पुन्हा दाखवून दिले. जून ते ऑगस्ट या काळात गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँची बंद असतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा ज्येष्ठांसाठी सर्वांत सुखाचा काळ.

क्रूझ : तरंगते शहर, त्याचे सुख आणि त्याच्या मर्यादा

सप्टेंबर २०२१ पासून मुंबईहून गोवा, लक्षद्वीप अशा फेऱ्या करणारे ‘एम्प्रेस’ हे जहाज १९९० साली बांधलेले, दोनशे मीटरहून अधिक लांबीचे, अकरा मजल्यांचे आहे. अशा जहाजाचे ज्येष्ठांना एक मोठे सुख असते. सामान एकदाच लावायचे, खोली बदलायची नाही, आणि जेवण, गाणे, समुद्र हे सारे लिफ्टच्या अंतरावर असते. रोज नव्या गावी नव्या हॉटेलात जाण्यापेक्षा हे कितीतरी सोपे. नातवंडे तलावावर असताना आजोबा डेकवरच्या खुर्चीत बसून तासन्‌तास पाणी पाहू शकतात. कोणाचाच खोळंबा होत नाही.

मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. खोल्या लहान असतात, आणि जहाजांवर स्नानगृहाच्या दाराशी बहुधा उंच उंबरा असतो. रात्री अर्धवट झोपेत उठणाऱ्याला तो दिसत नाही. म्हणून स्नानगृहातील दिवा रात्रभर चालू ठेवावा आणि रबरी तळाच्या सपाता पलंगाशीच ठेवाव्यात. खोली निवडताना खालच्या मजल्यावरची आणि जहाजाच्या मध्यभागाची मागावी. तेथे हेलकावे सर्वांत कमी जाणवतात. खोली लिफ्टजवळ असावी, पण आणीबाणीत लिफ्ट वापरत नाहीत, म्हणून जिना आणि जमण्याची जागा किती दूर आहे हेही पाहून ठेवावे. जहाज सुटण्याच्या सुमारास सुरक्षेचा सराव घेतला जातो. ‘बाबांना आराम करू द्या’ म्हणून त्यांना त्यातून वगळू नये. खऱ्या प्रसंगी सर्वांत जास्त वेळ त्यांनाच लागणार असतो.

बोट लागण्याचे कारण असे की, आतील कान ‘आपण हलतो आहोत’ असे सांगतो आणि बंद खोलीतील डोळे ‘सारे स्थिर आहे’ असे सांगतात. या दोन साक्षींचा मेळ बसत नाही. उघड्यावर येऊन क्षितिजाकडे पाहिले, की तो बसू लागतो. पोट रिकामे किंवा तुडुंब नसावे. आले चघळण्याने अनेकांना बरे वाटते. उलटीवरच्या गोळ्या मात्र दुकानातून आणून परस्पर देऊ नयेत. त्यांपैकी अनेक गोळ्यांनी झोप आणि गुंगी येते. ज्येष्ठांमध्ये गोंधळलेपणा, तोल जाणे, प्रोस्टेट वाढलेल्यांमध्ये लघवी अडणे असे त्रास उद्भवतात. काचबिंदूच्या काही रुग्णांनाही त्या चालत नाहीत. आपल्या डॉक्टरांनाच विचारावे.

जहाजावर डॉक्टर असतो, पण तो दवाखाना असतो, रुग्णालय नव्हे. प्रथमोपचार करून रुग्णाला स्थिर ठेवणे, हे त्याचे काम. पुढच्या उपचारांसाठी बंदराची वाट पाहावी लागते. म्हणून नुकताच हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा मोठी शस्त्रक्रिया झाली असेल, श्वासाचा त्रास बळावला असेल, तर यंदा क्रूझ नको. जहाजावरील उपचारांचे पैसे वेगळे पडू शकतात. प्रवास विमा घेताना जुने आजार लपवू नयेत. लपवलेल्या आजारावरचा दावा फेटाळला जातो. प्राणवायूचे यंत्र किंवा झोपेतील श्वासाचे यंत्र लागत असेल, तर तसे आरक्षणापूर्वीच कळवावे.

बंद जागेत माणसे एकत्र आली, की संसर्गही एकत्र येतो. फेब्रुवारी २०२० मध्ये जपानच्या योकोहामा बंदरात अडकलेल्या ‘डायमंड प्रिन्सेस’ जहाजावर सातशेहून अधिक जणांना कोविड झाला, हे आपण विसरलेलो नाही. जुलाब-उलट्यांचा नोरोव्हायरसही जहाजांवर पसरतो आणि त्याच्यावर सॅनिटायझर फारसा चालत नाही. साबण आणि वाहते पाणीच हवे. फ्लूची लस प्रवासापूर्वी किमान दोन आठवडे घेतलेली असावी.

आणखी एक गोष्ट जाहिरातीत ठळक नसते. लक्षद्वीपसारख्या ठिकाणी मोठे जहाज धक्क्याला लागत नाही. लहान बोटीत उतरून बेटावर जावे लागते. तो उतार जमणार नसेल, तर त्या दिवशी जहाजावर कोण थांबणार, हे घरूनच ठरवून निघावे.

किनाऱ्यावरचा मुक्काम

वरसोली, नागाव, रेवदंडा, काशीद या पट्ट्यात रिसॉर्टे आहेत आणि नारळी-पोफळीच्या वाड्यांतील घरगुती मुक्कामही आहेत. वाडीतला मुक्काम मनाला फार शांतवतो. पण तेथील वाटा ओल्या आणि शेवाळलेल्या असू शकतात. खोली तळमजल्यावर आहे का, कमोड आहे का, भिंतीला पकडायला दांडी आहे का, वीज गेल्यास काय सोय आहे, हे चार प्रश्न फोनवर विचारावेत आणि स्नानगृहाचे छायाचित्र मागवावे. त्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. पाचवा प्रश्न रुग्णालयाच्या अंतराचा. जिल्हा सामान्य रुग्णालय अलिबागला आहे. किनारा जसजसा दक्षिणेकडे निवडावा, तसतसे ते अंतर वाढते. १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये असावा.

चालण्याची वेळ भरती-ओहोटीवरून ठरवावी. आपल्या किनाऱ्यावरचे जुने गणित सोपे आहे : तिथीची पाऊणपट केली, की भरतीची अंदाजे वेळ मिळते. चतुर्थीला सुमारे तीन वाजता, अष्टमीला सुमारे सहा वाजता भरती. त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी. म्हणजे पौर्णिमा किंवा अमावास्येनंतरच्या चार दिवसांत सकाळी ओहोटी सापडते. तेव्हा किनाऱ्याची ओली वाळू घट्ट असते आणि तिच्यावर पाय रुतत नाही. कोरडी, भुसभुशीत वाळू मात्र गुडघ्यांना आणि तोलाला जड जाते. नेमकी वेळ स्थानिक कोळी बांधवांना विचारून घ्यावी. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला पायी जाता येते, पण वाट ओली आणि खडकाळ आहे, आणि पाणी परतायला लागले की घाई करावी लागते. ज्यांना घाई जमत नाही, त्यांनी घोडागाडीची चौकशी करावी किंवा किल्ला काठावरूनच पाहावा.

मधुमेह असलेल्यांनी वाळूत अनवाणी चालू नये. पायांची संवेदना कमी झालेली असते. दुपारच्या वाळूचा चटका किंवा शिंपल्याची चीर कळत नाही, आणि घरी परतल्यावर जखम चिघळलेली दिसते. बंद, मऊ पादत्राणे घालावीत आणि रोज रात्री तळपाय दुसऱ्या कोणाला तरी पाहायला सांगावेत. पाण्यात घोट्यापर्यंतच जावे, तेही कोणाचा तरी हात धरून. लाट माघारी जाताना पायाखालची वाळू ओढून नेते, आणि तोल जातो तो त्याच क्षणी.

औषधे आणि ताट

औषधे दोन भागांत विभागावीत. एक भाग हाताशी, दुसरा सामानात. दोन्हींत तीन दिवसांचा जादा साठा. इन्शुलिन उन्हात उभ्या असलेल्या गाडीत ठेवू नये आणि बर्फाच्या कप्प्यातही ठेवू नये. एकदा गोठलेले इन्शुलिन वापरायचे नसते. लघवी वाढवणाऱ्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना उन्हात घाम गेला, की उठताना चक्कर येऊ शकते. हे टाळण्यासाठी अकरा ते चार या वेळेत सावलीत राहावे आणि उठताना आधी मिनिटभर बसावे.

शहाळे आरोग्यदायी खरे. परंतु त्यात पोटॅशियम भरपूर असते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी आणि पोटॅशियम वाढवणारी रक्तदाबाची औषधे घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घेऊ नये. सुके बोंबील, सोडे, लोणची, पापड यांतील मीठ हृदय कमकुवत असलेल्यांच्या पायांवर दुसऱ्या दिवशी सूज आणते. ताज्या मासळीचे कालवण, भात आणि कमी मिठाची सोलकढी हे ताट पुरेसे आनंदाचे आहे.

शुश्रूषा करणाऱ्याचीही सुट्टी

स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीला नवी जागा गोंधळात टाकते. संध्याकाळी अस्वस्थता वाढते. घरची उशी, ओळखीची चादर सोबत न्यावी, खिशात नाव आणि फोन लिहिलेले कार्ड ठेवावे, आणि दार थेट तलावाकडे किंवा समुद्राकडे उघडणारी खोली टाळावी. जहाजावरच्या एकसारख्या दारांच्या लांब मार्गिका अशा व्यक्तीला फार अवघड जातात. तिच्यासाठी किनाराच बरा.

एवढी सारी काळजी घेणारी व्यक्ती बहुतेक घरांत एकच असते, आणि ती सून, मुलगी किंवा स्वतः वयस्कर झालेली पत्नी असते. सहलीतही औषधे, डबे, टॉवेल तिच्याच हाती राहिले, तर तिच्यासाठी केवळ स्वयंपाकघर बदलले, सुट्टी झालीच नाही. निघण्यापूर्वी कागदावर पाळ्या लिहाव्यात : सकाळची औषधे कोण देणार, दुपारी सोबत कोण बसणार, रात्री कोणाला उठवायचे. तिला रोज दोन तास पूर्णपणे मोकळे मिळालेच पाहिजेत.

शेवटी बेत आखताना सर्वांत आधी ज्येष्ठांनाच विचारावे : ‘तुम्हाला काय पाहायचे आहे?’ उत्तर बहुधा लहान असते. एखाद्याला धक्क्यावरून सुटणारी बोट पाहायची असते, एखादीला पाण्यात पाय बुडवायचे असतात, कोणाला केवळ वाऱ्यावर बसायचे असते. त्या एका इच्छेभोवती दिवस आखावा. एवढे जुळले, तर चार दिवसांत दहा स्थळे पाहिली नाहीत, याची खंत कोणालाच वाटणार नाही.