पान लागल्यावर

ती. मामांस,

उसाला पाणी पाजताना दादाला पान लागलं आणि देवऋषानं विष उतरवलं, हे कळलं. दादा वाचला, याहून मोठं काय! पण ‘तुमच्या डॉक्टरांना जमत नाही ते त्यानं केलं’ असं तुम्ही फोनवर म्हणालात, म्हणून हे पत्र.

नेसरीच्या शिवारात धामण, दिवड, नानेटी असे बिनविषारी साप काय कमी आहेत? नाग-घोणसही चावले की दर वेळी विष सोडतातच असं नाही. देवऋषाकडं नेलेले कितीतरी जण नुसते घरी बसून राहते तरी वाचले असते. वाचलेला बाजारात भेटतो, त्याची गोष्ट होते. गेलेल्याबद्दल ‘आणायला उशीर झाला’ म्हणून मोकळे. दोन्ही मोजल्याशिवाय गुण कुणाचा ते कसं ठरणार? कोल्हापुरात जन्मलेल्या जयंत नारळीकरांनी ज्योतिषांचं असंच मोजलं होतं. हुशार आणि गतिमंद मुलांच्या पत्रिका ओळखायला दिल्या. २७ जणांनी उत्तरं पाठवली, त्यांतली ४६ टक्के बरोबर. छापा-काटा केला असता तरी तेवढंच!

आमच्या लॅबमध्ये घोणशीचा संशय आला की कोरड्या काचेच्या नळीत थोडं रक्त घेऊन २० मिनिटं न हलवता ठेवतो. मग नळी आडवी करायची. रक्त गोठलं नाही, पाण्यासारखं वाहिलं, की विष भिनलंय. लगेच घोड्याच्या रक्तातून बनवलेलं औषध सुरू. ते नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर चालतं. मण्यार वाईट. झोपेत चावते, खूण धड दिसत नाही, पहाटे पापण्या जड होतात. तेव्हा अंगाऱ्यात गेलेला तास परत मिळत नाही.

तुमचा राग मात्र खोटा नाही. आमच्याकडं चिठ्ठी हातात देऊन ‘पुढं न्या’ म्हणतात, का ते कुणी सांगत नाही. देवऋषी निदान रात्रभर उशाशी बसतो. आमच्या लोकांनी हे त्याच्याकडून शिकावं.

शेतीची लाईट रात्रीच येते, त्याला तुम्ही तरी काय करणार! पण दादाला गमबूट आणि बॅटरीशिवाय रानात सोडू नका. पुन्हा असं झालंच तर पाय करकचून बांधू नका, ब्लेड मारू नका. १०८ लावा आणि थेट गडहिंग्लज गाठा. देवऋषाला यायचं असेल तर त्यालाही गाडीत घ्या.

मामींना नमस्कार.

तुमची भाची